टॉरेंटमध्ये अपलोडला लगाम का घालावा?

टॉरेंट म्हणजे फाइलचे तुकडे अनेकांनी एकमेकांना देत-घेत ती उतरवण्याची पद्धत. घरात कोणी अशी चार-पाच जीबीची फाइल उतरवायला घेतली की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल अडखळू लागतो. दोष डाउनलोडला दिला जातो. खरं कारण पुष्कळदा उलट्या दिशेला, अपलोडमध्ये असतं.

इंटरनेटवरची बरीचशी माहिती टीसीपी या नियमावलीने चालते. समोरचा संगणक माहितीचे छोटे गठ्ठे, म्हणजे काही पॅकेट, पाठवतो आणि पोच आली की पुढची सोडतो. ही पोच इवलीशी असते, पण जाते अपलोडच्याच वाटेने. टॉरेंट क्लायंट, म्हणजे टॉरेंट चालवणारा आपल्या संगणकावरचा प्रोग्राम, आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना देत असतो. मर्यादा नसेल तर तो ही वाट पुरती भरून टाकतो. जादा पॅकेट राउटर रांगेत थांबवून ठेवतो. रांग लांबते, पोच मागे अडकते, आणि पोच न मिळाल्याने पाठवणारा हात आखडता घेतो. व्हिडिओ कॉलची पॅकेटही त्याच रांगेत असतात.

म्हणून बाकी सगळं बंद ठेवून स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा जो आकडा येईल त्याच्या सुमारे ८० टक्क्यांवर मर्यादा लावा. इथे बरेच जण फसतात: स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये बोलते, क्लायंट किलोबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १० मेगाबिटचं अपलोड असेल तर सेकंदाला १,२५० किलोबाइट होतात; मर्यादा १,००० ठेवावी.

मग अपलोड जवळजवळ बंदच का करू नये? प्रोग्रामर ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये टॉरेंटमागचं तंत्र, बिटटॉरेंट, आणलं, तेव्हा त्याच्या मुळाशी देवाणघेवाण ठेवली. मूळ रचनेत क्लायंट दर १० सेकंदांनी पाहतो, आपल्याला सर्वांत वेगाने कोण देतंय, आणि अशा मोजक्यांनाच तुकडे पाठवतो. दर ३० सेकंदांनी एखाद्या नवख्यालाही संधी मिळते. नाहीतर ज्याच्याकडे अजून काहीच नाही त्याने सुरुवात कुठून करायची? मला या रचनेतला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. जो देत नाही, त्याला अर्धवट फाइल असलेल्यांकडून फारसं मिळत नाही. शिवाय क्यूबिटटॉरेंट या क्लायंटमध्ये मर्यादेच्या चौकटीत शून्य घातलं तर अपलोड बंद होत नाही, उलट अमर्याद होतं.

टॉरेंट म्हणजे चोरीचा माल, हा समज सोडायला हवा. डेबियन ही संगणक प्रणाली आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर बनवणारे प्रकल्प स्वतःच आपल्या फाइली टॉरेंटने देतात.

क्लायंटच्या सेटिंगमध्ये यूटीपी, म्हणजे टॉरेंटसाठीची टीसीपीऐवजीची नियमावली, चालू असू द्या. तिच्यामागची लेडबॅट ही पद्धत २०१२ च्या आरएफसी ६८१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेली आहे. पॅकेटला रांगेत किती वेळ लागतो हे ती सतत मोजते, आणि हा विलंब १०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की आपणहून वेग कमी करते. राउटर जुना असेल तर एकूण जोडण्यांची संख्याही कमी ठेवा. शेकडो जोडण्यांचा हिशोब ठेवताना त्याची स्मृती अपुरी पडू शकते, मग मर्यादा लावूनही इंटरनेट अडतं.