नागअळीचं मूळ गाव: जनुकीय खुणांची पार्श्वभूमी

हॉर्स चेस्टनट या झाडाची पानं आतून पोखरणारी एक अनोळखी नागअळी १९८० च्या दशकाच्या मध्यावर बाल्कन द्वीपकल्पातल्या (आग्नेय युरोप) ओह्रिड सरोवराच्या परिसरात सापडली. १९८६ मध्ये तिचं ‘कॅमेरारिया ओह्रिडेला’ असं नामकरण झालं. १९८९ मध्ये ती ऑस्ट्रियात आणि २००२ मध्ये लंडनमध्ये दिसली. ही बाल्कनचीच की बाहेरून आलेली? या प्रजातीचे बहुतेक भाऊबंद अमेरिकेतले, त्यामुळे शंका रास्त होती.

मूळ गावाच्या शोधाची सुरुवात मायटोकाँड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) सीओआय जनुकापासून झाली; प्राण्यांची ओळख पटवायला तो नेहमी वापरतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले सार्वत्रिक प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग कुठून वाढवायचा हे ठरवणारे छोटे तुकडे) हाताशी होते; त्यांतून डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा मिळतो. पण ‘सार्वत्रिक’ हीच इथली मेख. अळीच्या अंगावर किंवा अंगात परजीवी गांधीलमाशीची पिल्लं असतात आणि हे प्रायमर त्यांचाही डीएनए वाढवतात. त्यात विष्ठा आणि पानाचा चोथा मिसळला की पॉलिफेनॉल या वनस्पतींतल्या रसायनांमुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडते. म्हणून पोखरलेला भाग सुईने उघडून अळी बाहेर काढायची, नीट न्याहाळायची आणि ९६ टक्के अल्कोहोलमध्ये टाकायची. तरीही जेलवर वाढलेल्या डीएनएची पट्टी उमटली नाही, तर डीएनए दहापट पातळ करून पाहावा. बरेचदा तेवढ्याने भागतं.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने बाल्कन मूळ दाखवून दिलं: तिथल्या नैसर्गिक झाडांवर अनेक हॅप्लोटाइप (या जनुकाच्या क्रमाचे वेगवेगळे प्रकार), तर लागवडीच्या झाडांवर मोजकेच आणि त्यांतही एकाचंच वर्चस्व. मात्र सगळीकडे तोच हॅप्लोटाइप असेल तर पुढच्या प्रसाराचा माग कसा काढणार? त्यासाठी केंद्रकातले मायक्रोसॅटेलाइट हवेत, म्हणजे डीएनएतले तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे.

ते मिळवणं पतंगांत जिकिरीचं, आणि ही नागअळी पतंगाचीच. त्या काळची रीत अशी: डीएनए कापायचा, बायोटिन (मण्यांना चिकटणारा रेणू) लावलेल्या शोधक तुकड्यांनी पुनरावृत्तीचे तुकडे पकडायचे, चुंबकीय मण्यांनी ओढायचे, जिवाणूत घालून त्यांच्या प्रती वाढवायच्या आणि वाचायचे. पतंगांत या तुकड्यांच्या दोन्ही बाजूंचे क्रम जनुकसंचात इतरत्रही सापडतात, त्यामुळे प्रायमरची एकच जोडी अनेक जागी चिकटते. शिवाय प्रायमरच्या जागी उत्परिवर्तन असलं तर एक ॲलील (आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक) दिसतच नाही. विषमयुग्मी (दोन वेगळ्या प्रतींची) अळी समयुग्मी (दोन्ही सारख्या प्रतींची) भासते आणि अंतःप्रजननाचा खोटा निष्कर्ष निघतो. पतंगांच्या मादीत झेड हे लिंग ठरवणारं गुणसूत्र एकच असल्याने त्यावरची खूणही असाच चकवा देते, आणि अळी नर की मादी हे क्वचितच नोंदलेलं असतं.

२०११ मध्ये वेगळाच पुरावा पुढे आला. वनस्पतिसंग्रहातल्या, ग्रीसमध्ये १८७९ मध्ये गोळा केलेल्या पानांत याच अळ्या दाबलेल्या सापडल्या. जुना डीएनए तुटलेला असतो, म्हणून तिथे लांब तुकडा निरुपयोगी. सीओआयचे छोटे भागच वाचावे लागले.