सेवाकार्याचे मूल्यमापन (ख्रिस्ती मंडळी)

ख्रिस्ती मंडळी, म्हणजे एका चर्चचे सभासद मिळून, उपासना, शिक्षण, घरभेटी, आजाऱ्यांची काळजी आणि सुवार्ताकार्य (येशूचा संदेश सांगणे) या आपल्या कामांकडे ठरावीक काळाने मागे वळून पाहते, त्याला सेवाकार्याचे मूल्यमापन म्हणतात. पुण्याच्या मराठी मंडळ्यांत बोलताना हा जड शब्द क्वचितच येतो. कमिटीत 'आढावा' घेतात, वार्षिक सभेत 'अहवाल' वाचतात आणि उपवास-प्रार्थनेला बसल्यावर त्याच कामाबद्दल 'आत्मपरीक्षण' करतात.

या प्रथेचे मूळ बायबलमध्ये आहे. पौल आणि बर्णबा हे प्रेषित पहिल्या सुवार्ताफेरीहून अंत्युखिया शहरास परतले तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र जमवून देवाने आपल्याकरवी काय केले ते सांगितले (प्रेषितांची कृत्ये १४). पुढच्याच अध्यायात पौल म्हणतो, ज्या गावांत वचन सांगितले तिथे परत जाऊ आणि बंधुजन कसे आहेत ते पाहू. पहिला प्रसंग अहवालाचा, दुसरा भेटीचा. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौल याहून कठोर आहे: प्रत्येकाचे बांधकाम सोन्याचे की गवताचे, हे अग्नीच पारखील. शेवटचा निवाडा माणसाचा नाही, हे मानूनच मंडळी आपले काम तपासते. त्यामुळे हे काम एखाद्या कंपनीच्या वार्षिक तपासणीपेक्षा वेगळे ठरते.

हिशेबाची बाजू पक्की बांधलेली आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या संस्थेला १९५०च्या कायद्याप्रमाणे लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना वेगळे वार्षिक विवरणपत्र भरावे लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर त्या देणगीतला जास्तीत जास्त २० टक्केच भाग प्रशासकीय खर्चासाठी वापरता येतो. मंडळीच्या वहीत बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात. ही शिस्त मोलाची आहे. मात्र वहीत चढते तेवढेच काम, अशी समजूत तिच्यामागून येते. संडे स्कूलच्या पटावर चाळीस मुले आहेत हे दिसते. त्यांतले एक मूल महिनाभर का आले नाही, हे कोणी विचारल्याशिवाय कळत नाही.

मोजमाप कोणी करायचे आणि कोणत्या प्रश्नाने, याचे पुण्यातले सर्वांत बोलके उदाहरण शारदा सदन हे आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा १८८९ मध्ये मुंबईत काढली आणि पुढच्या वर्षी पुण्यास आणली. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता. शाळेत धर्माची सक्ती नसेल असे ठरले होते, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई आपली मुलगी मनोरमा हिच्यासोबत प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आत येऊन बसत. यावरून वाद पेटला. 'केसरी'ने टीका केली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनकरांनी मात्र मदत थांबवली नाही. काम एकच होते, पण सल्लागारांना दिलेल्या वचनाची काळजी होती, देणगीदारांना शिक्षणाची, आणि रमाबाईंना स्वतःच्या घरात मोकळेपणी प्रार्थना करण्याच्या हक्काची. कोणाचाही प्रश्न खोटा नव्हता.

त्याच १८९३च्या मार्च महिन्यात सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला. आनंदीबाई झालेल्या गोदूबाईही त्या कामात होत्या. ख्रिस्ती नसलेल्या घरात, ख्रिस्ती नसलेल्या संस्थेत फळलेले हे फळ सदनाच्या खात्यावर मांडायचे की नाही? माझ्या मते मांडलेच पाहिजे. किती जणींनी बाप्तिस्मा घेतला एवढेच जो अहवाल विचारतो, त्याला आनंदीबाई कर्वे दिसणारच नाहीत.

कामाचे फळ कशाने मोजायचे, हा प्रश्न पुढे मिशनांपुढेही आला. अमेरिकेतील सात प्रॉटेस्टंट पंथांच्या सामान्य सभासदांनी भारत, ब्रह्मदेश, चीन व जपान येथील मिशनकार्याची पाहणी करवली. तिचा अहवाल १९३२ मध्ये आला. शाळा-दवाखान्यांची सेवा धर्मांतराचे साधन म्हणून न जोखता सेवा म्हणूनच जोखावी, असा त्याचा रोख होता. त्यावर मिशनमंडळांत मोठे वाद झाले.

कॅथलिक परंपरेत बिशपने आपल्या धर्मप्रांताची निदान पाच वर्षांतून एकदा संपूर्ण भेट घ्यावी असा नियम आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली दैनंदिन परीक्षणाची रीतही पुण्याला परकी नाही, कारण येशूसंघीयांच्या देखरेखीखालची, कॅथलिक धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथेच आली. त्या परीक्षणात आधी दिवसाबद्दल आभार मानायचे असतात आणि चुका नंतर पाहायच्या असतात.

प्रत्यक्ष मंडळीत खरी कसोटी घरभेटीची असते. अहमदनगर आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबे आता वडगाव शेरीपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत विखुरलेली आहेत. गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या देवळात (चर्चमध्ये) किंवा कॅम्पात रविवारी यायचे तर दोन बस बदलाव्या लागतात. म्हातारी माणसे हळूहळू दिसेनाशी होतात, आणि गर्दीच्या नाताळात ती उणीव कोणाला जाणवत नाही. म्हणून काही ठिकाणी मंडळीचे नेमलेले वडील आणि महिला मंडळाच्या बाया नावांची यादी विभागून घेतात. कोणाच्या घरी शेवटचे कोण गेले होते आणि प्रभुभोजन (उपासनेतली भाकर व द्राक्षारस) घरी नेऊन कधी दिले, हे त्या यादीत नावापुढे लिहायचे असते. पाळकसाहेबांबरोबर बसून ती यादी वाचताना रिकामी जागा आली की वाचणारा थांबतो, आणि त्या घरी या आठवड्यात कोण जाणार हे तिथेच ठरते.