कॉलेजमधून एनबीएत : चार वर्षांच्या अटीचं पुढे काय झालं

१९५८ मध्ये विल्ट चेंबरलेनने तिसरं वर्ष संपताच कॅन्सस विद्यापीठ सोडलं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याच्याइतका दबदबा क्वचितच कुणाचा असेल, पण एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं दार त्याला बंद होतं. शाळेतून बाहेर पडल्यावर चार वर्षं उलटल्याशिवाय कोणालाही संघात घ्यायचं नाही, असा लीगचा नियम होता. त्यामुळे हा सात फुटी खेळाडू वर्षभर हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या करमणुकीच्या सामन्यांत खेळला. १९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्सकडे आला आणि पहिल्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कॉलेज पुरं न केलेला खेळाडू कच्चाच असतो असं म्हणावं, तर कच्चा खेळाडू काही असा नसतो!

मुलांचं शिक्षण पुरं व्हावं, हे या नियमाचं दर्शनी कारण. फायदा मात्र कॉलेज आणि लीग दोघांचाही होता. कॉलेजांना शिष्यवृत्तीच्या मोबदल्यात गर्दी खेचणारे तारे मिळत आणि एनबीएला परक्या खर्चाने घडलेले, आधीच नावारूपाला आलेले खेळाडू. पदरचं काही जात असेल तर ते खेळाडूचं, कमाईच्या ऐन उमेदीतली वर्षं.

स्पेन्सर हेवूडने नेमका हाच मुद्दा न्यायालयात नेला. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या आईचा हा मुलगा १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून आला होता. एबीए या प्रतिस्पर्धी लीगने घरच्या हलाखीच्या कारणावरून त्याला अटीतून सूट दिली. डेन्व्हरकडून एक हंगाम गाजवून १९७० च्या अखेरीस त्याने एनबीएतल्या सिॲटल सुपरसॉनिक्सशी करार केला, आणि लीगने हरकत घेतली. बाहेरगावच्या सामन्यांत ‘मैदानावर बेकायदा खेळाडू आहे’ अशी घोषणा ध्वनिक्षेपकावरून व्हायची, ही हेवूडने स्वतः पुढे सांगितलेली आठवण. १ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याला खेळण्यापासून रोखायला लीगला मनाई करणारा हुकूम पुन्हा लागू केला. पुढे लीगने तडजोड केली. त्याच वर्षी एनबीएनेही ‘हार्डशिप’ची, म्हणजे घरच्या हलाखीमुळे लवकर येऊ देण्याची सवलत आणली. गरिबी सिद्ध करण्याची ती अट १९७६ मध्ये गेली.

तरीही शाळेतून थेट येणारे विरळाच. १९७५ मध्ये डॅरिल डॉकिन्स आणि बिल विलबी आले, त्यानंतर थेट १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट. मग कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, ड्वाइट हॉवर्ड अशी रांग लागली. तिला एक आर्थिक कारणही होतं, ज्याची चर्चा कमी होते. १९९५ पासून नवख्यांच्या पगाराला ठरावीक श्रेणी आली, त्यामुळे खरा पैसा दुसऱ्या करारात होता. जितक्या लवकर लीगमध्ये शिराल, तितका तो करार लवकर हाती.

खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २००५ च्या करारात लीगने पुन्हा अट घातली : ड्राफ्टच्या (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीच्या) वर्षात वय किमान १९ आणि अमेरिकी खेळाडूच्या शाळेला एक वर्ष उलटलेलं. तिथून ‘वन अँड डन’ हा शब्द रूढ झाला. एक हंगाम कॉलेजात खेळायचं, की निघालं. २००७ च्या ड्राफ्टमधले पहिले दोघे, ग्रेग ओडेन आणि केव्हिन ड्युरंट, असेच आले. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, तो मात्र फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजात न खेळता आला. वयाची आणि वर्षाची अट त्याने तोवर पुरी केलेली होती.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलिझा राइस यांच्या, कॉलेज बास्केटबॉलवरच्या आयोगाने ही अट काढण्याची शिफारस केली. अट तशीच राहिली, पण कॉलेजांचं अर्थकारण बदललं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५ पासून कॉलेजं उत्पन्नातला वाटा थेट देऊ लागली. आता ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवड होण्याची शक्यता असलेला विद्यार्थी कॉलेजात आणखी वर्षभर राहून अधिक कमावू शकतो. शाळेनंतर कॉलेजऐवजी पगारी वाट म्हणून एनबीएने २०२० मध्ये उभा केलेला ‘इग्नाइट’ संघ २०२४ मध्ये बंद झाला.

प्रवाह उलटाही वाहू लागला आहे. नायजेरियाच्या जेम्स नाजीला डेट्रॉइटने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ३१ व्या क्रमांकावर निवडलं होतं. युरोपात व्यावसायिक बास्केटबॉल खेळून डिसेंबर २०२५ मध्ये तो बेलर विद्यापीठाच्या संघात दाखल झाला.