सर्जनचा हात कधी बसतो? गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि कौशल्याच्या मोजमापाचा इतिहास

गुदाशयाच्या कर्करोगावरची, गुदद्वारातून केली जाणारी टाटीएमई ही अवघड शस्त्रक्रिया नीट जमू लागायला सर्जनला साधारण ४० ते ५० रुग्ण लागतात, असे वैद्यकीय लेखांत आता वारंवार वाचायला मिळते. हात बसला हे ठरवताना नेमके काय मोजले, हे कळल्याशिवाय मात्र त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

गुदाशय असतो कटीच्या हाडांमधल्या अरुंद पोकळीत. त्याच्या पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट, स्त्रियांत योनीमार्ग. दोन्ही बाजूंना लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या नसा. लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये गुदाशय गुदद्वारासकट काढण्याची पद्धत मांडली. रुग्णाला पोटावर कायमची पिशवी लागे, तरीही अनेकांचा कर्करोग त्याच पोकळीत परत उद्भवत असे. त्याचे खापर आजाराच्या स्वभावावर फोडले जाई. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हिल्ड यांनी वेगळेच म्हणणे मांडले. गुदाशयाभोवतीचे चरबीचे वेष्टन, म्हणजे मेसोरेक्टम, कुठेही न फाडता अखंड काढले, तर आजार तिथे परतण्याचे प्रमाण एकदम घटते. ही टीएमई, म्हणजे ‘टोटल मेसोरेक्टल एक्सिजन’ शस्त्रक्रिया.

चार वर्षांनी लीड्सचे पॅथॉलॉजिस्ट फिल क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांच्या काढलेल्या गुदाशयाच्या आडव्या चकत्या करून तपासल्या. ज्यांच्या बाजूच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोचल्या होत्या, त्यांच्यातच प्रामुख्याने आजार परतला होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच. सर्जनने काम कसे केले, याची साक्ष आता थिएटरबाहेर, दुसऱ्याच्या टेबलावर मिळू लागली. पुढे नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत काढलेल्या भागाची प्रत तीन श्रेणींत ठरवली गेली: वेष्टन अखंड, थोडे फाटलेले, स्नायूपर्यंत उघडे पडलेले.

शिकवून फरक पडतो का, याचे उत्तर स्टॉकहोमने दिले. १९९० च्या दशकात हिल्ड यांनी तिथल्या सर्जनांना थिएटरमध्ये उभे राहून हे तंत्र शिकवले. त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ६ वर आले, गुदद्वार काढावे लागण्याचे प्रमाणही निम्म्याहून कमी झाले. बदल होता तो हातांत.

मोजण्याचे गणित मात्र वैद्यकाबाहेरून आले. १९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमानांच्या कारखान्यातली आकडेवारी मांडून दाखवले की उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक विमानामागचे श्रम ठरावीक प्रमाणात घटतात. १९५४ मध्ये ई. एस. पेज या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने कारखान्यातला माल बिघडू लागल्याचे लवकर ओळखण्यासाठी ‘क्यूसम’ ही रीत काढली. हिशेब किराणा दुकानातल्या चालू खात्यासारखा असतो. समजा, गुंतागुंतीचे अपेक्षित प्रमाण १० टक्के आहे. रुग्ण सुखरूप बाहेर आला की खात्यातून ०.१ वजा, गुंतागुंत झाली की ०.९ जमा. रुग्ण ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने बेरीज मांडत गेले की आलेख आधी चढतो, मग सपाट होतो, मग उतरू लागतो. त्या शिखराला लोक ‘शिकणे संपले’ म्हणतात.

शस्त्रक्रियेत या रीतीचा धाडसी वापर केला तो लंडनचे बालहृदयसर्जन मार्क डी लिव्हाल यांनी. नवजात बाळांवरच्या एकाच प्रकारच्या १०४ शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी १९९४ मध्ये स्वतः प्रसिद्ध केला. पहिल्या ५२ बाळांत एकच मृत्यू होता, त्यानंतर मात्र लागोपाठ मृत्यू झाले होते. स्वतःच्या अपयशाचा आलेख असा छापायला मोठे मन लागते.

टाटीएमईचा जन्म २००९ चा, बार्सिलोनातला. अँटोनियो लेसी, पॅट्रिशिया सिला आणि सहकाऱ्यांनी ७६ वर्षांच्या एका स्त्रीचा गुदाशय दुर्बिणीच्या मदतीने गुदद्वारातून, म्हणजे खालून वर जात सोडवला. कारण रास्त होते. अरुंद कटीच्या, स्थूल पुरुषात गाठ अगदी खाली असेल, तर वरून जाणारी सरळ हत्यारे तिथे नीट पोचत नाहीत. पण खालून पाहताना ओळखीची शरीररचना उलटी दिसते. वरून केलेल्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला सहसा इजा होत नाही. टाटीएमईच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या पहिल्या ७२० रुग्णांत मात्र अशा ५ इजा नोंदल्या गेल्या.

मग शिकण्याचे आलेख निघू लागले. बरेचसे शस्त्रक्रियेला लागलेल्या वेळेवर, कारण वेळ प्रत्येक नोंदीत आयती लिहिलेली असते. हे माप मला सर्वांत कच्चे वाटते. वेष्टन फाडूनही हात झरझर चालू शकतो. शिवाय सर्जन सरावला की तो अधिक अवघड रुग्ण घेऊ लागतो, आणि वेळ पुन्हा वाढते. २०१८ च्या एका डच अभ्यासाने १३८ रुग्णांत मोठ्या गुंतागुंती मोजल्या. पहिल्या ४० रुग्णांत त्यांचे प्रमाण ४७.५ टक्के होते, त्यानंतर १७.५. आतड्याच्या जोडातून गळतीचे प्रमाण २७.५ वरून ५ टक्क्यांवर आले. अमेरिकेतल्या एका गटाने काढलेल्या भागाची प्रत हेच माप धरले, तेव्हा आकडा ४५ ते ५१ रुग्णांपर्यंत गेला.

गुंतागुंत महिन्याभरात कळते. कर्करोग परतला की नाही, हे कळायला वर्षे जातात, आणि त्या काळात सर्जन पुढचे रुग्ण घेतच असतो. नॉर्वेत २०१४ ते २०१८ या काळात सात रुग्णालयांत १५७ रुग्णांवर टाटीएमई झाली. त्याच जागी आजार परतण्याचे अंदाजी प्रमाण २.४ वर्षांत ११.६ टक्के निघाले, देशातल्या इतर शस्त्रक्रियांत ते २.४ टक्के होते. कित्येकांत तो एकाच वेळी अनेक ठिकाणी उगवला होता. नॉर्वेने ही शस्त्रक्रिया थांबवली.

नेदरलँड्समध्ये तर आखीव प्रशिक्षण होते, अनुभवी सर्जन शेजारी उभे राहत. तरीही १२ रुग्णालयांतल्या प्रत्येकी पहिल्या १० रुग्णांत मिळून त्याच जागी आजार परतण्याचे प्रमाण १० टक्के आले. यांतल्या ज्या केंद्रांनी काम चालू ठेवले, तिथल्या पुढच्या रुग्णांसह हिशेब मांडला तेव्हा एकूण प्रमाण ५.६ टक्के झाले. प्रत्येक ठिकाणचे पहिले १० रुग्ण वगळले तर ४, आणि पहिले ४० वगळले तर २.८. वर्षाला जेमतेम १०-१५ असे रुग्ण येणाऱ्या रुग्णालयात हे ४० व्हायला तीन-चार वर्षे लागतात. त्यामुळे ही शस्त्रक्रिया किती ठिकाणी सुरू करू द्यायची, हा प्रश्न आता सर्जनच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.