दिवसाला किती अक्षरं?

मुलगी साडेतीन वर्षांची. हॉलच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागलेला. आईचा प्रश्न असतो, “रोज दोन घेतली तर महिन्याभरात संपतील ना?” हिशोब बरोबर आहे. तक्त्यावर पन्नासेक चौकोन असतात आणि महिन्याभरात पोर ते सगळे घडाघडा म्हणूनही दाखवते. मग एके दिवशी चित्रांवर हात ठेवून नुसती अक्षरं दाखवावीत. निम्मी गायब होतात. ती ‘ई’ वाचत नव्हती, ईडलिंबाचं चित्र ओळखत होती. (तेही तक्त्यावरच पाहिलेलं. ईडलिंबू प्रत्यक्षात पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.)

वाचनाची पूर्वतयारी म्हणजे अक्षरओळख, असं आपण धरून चालतो. खरं तर तिची सुरुवात कानापासून होते. बोललेला शब्द हा तुकड्यांचा बनलेला आहे, हे आधी कानाला कळावं लागतं. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितक्या वेळा टेबलावर टकटक करायची. उच्चाराचे मोठे तुकडे, म्हणजे आपल्या ‘गा-डी’सारखे, चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना मोजता आले. मात्र ‘ग्’ आणि ‘आ’ असे सुटे ध्वनी त्या वयात एकालाही मोजता आले नाहीत. पहिलीच्या अखेरीस हीच प्रमाणं अनुक्रमे सुमारे ९० आणि ७० टक्के झाली होती.

देवनागरीच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे. इंग्रजीचं अक्षर सुट्या ध्वनीसाठी असतं, आपलं ‘का’ किंवा ‘मा’ हे अख्ख्या तुकड्यासाठी. चार वर्षांच्या कानाला जे जमतं, त्याच मापाची आपली लिपी आहे. पण इथे एक खोच आहे, आणि घरी शिकवताना ती हमखास निसटते. ‘बदक’ म्हणून टाळ्या वाजवायला सांगा. मूल दोनच टाळ्या वाजवेल, ब-दक. कागदावर मात्र तीन अक्षरं. कमळ, गवत, मगर, सगळ्यांची हीच गत. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ गिळतो. म्हणून ‘ब… द… क…’ असं सुटं वाचणाऱ्या मुलाला त्यातून बदक काही उडताना दिसत नाही, आणि आईला वाटतं याचं लक्षच नाही.

मोठ्यांच्या डोळ्यांना बिनकान्याचे शब्द सोपे दिसतात, कारण त्यांत मात्रा नसतात. मुलाच्या कानाला सोपे असतात ते मामा, काका, दादा, मका. जितक्या टाळ्या तितकी अक्षरं. माझं मत विचाराल तर म, क, द, ल एवढी चारच अक्षरं आणि त्यांच्या जोडीला लगेच काना. एवढ्यावर दोन-तीन आठवडे खुशाल काढावेत. चार अक्षरांत घरातली निम्मी माणसं लिहिता येतात, आणि ‘मामा’ हा शब्द आपण वाचला हे कळल्यावर मुलाचा जो चेहरा होतो, तो तक्ता पाठ झाल्यावर होत नाही.

मग ‘गमभन’चं काय? ही जुनी मांडणी आकारावर बेतलेली आहे. एका अक्षराचं वळण दुसऱ्यात उपयोगी पडतं, हाताला सराव होतो. लिहायला शिकवताना ती उत्तमच. ओळखायला शिकवताना मात्र तीच अडचण ठरू शकते, कारण सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात आली की ती एकमेकांत गुंततात. म-भ, घ-ध, ब-व, प-ष या जोड्यांतलं एक पक्कं होईपर्यंत दुसरं आणू नये. आवाजाने जवळ असलेल्यांचंही तेच: द आणि ड, न आणि ण. ‘च’ तर मी जरा मागेच ठेवते, कारण चाकातला च वेगळा आणि चारमधला वेगळा. हा खुलासा साडेतीन वर्षांच्या माणसाला कोण देणार?

आता वेगाचा प्रश्न. व्यंजनं ३४ धरली तरी बाराखडीसकट ४०८ आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. बंगळुरूच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत या शिकण्याच्या वेगाचाच अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नडची रचना आपल्यासारखीच, अक्षर अधिक स्वरचिन्ह. इंग्रजी मुळाक्षरं वर्षभरात आटोपतात. इथे मात्र अक्षरज्ञान चौथीपर्यंत आणि त्यानंतरही पक्कं होत राहतं, असं त्यांना दिसलं. चौथीपर्यंत! महिन्याभराचा हिशोब इथेच कोसळतो. पहिली दहा-बारा अक्षरं भराभर येतात आणि मात्रा सुरू झाल्या की गाडी घाटात लागते. त्यात ऱ्हस्व वेलांटीचा स्वभाव उलटा: ‘कि’ लिहिताना ती आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. काना, मग दीर्घ वेलांटी, मग उकार, आणि ऱ्हस्व वेलांटी सावकाश, असा क्रम मला बरा वाटतो.

लवकर सुरू केल्याने पुढे फायदा होतो का? २०१४ मध्ये अमेरिकेत ९ ते १८ महिन्यांच्या ११७ बाळांवर एक चाचणी झाली. काहींना बाजारातला ‘बाळाला वाचायला शिकवा’ छापाचा डीव्हीडी-कार्डांचा संच सात महिने दिला, बाकीच्यांना नाही. अखेरीस वाचनात काहीच फरक नव्हता. फरक पडला होता तो पालकांच्या समजुतीत: आपलं बाळ शब्द शिकतंय, असं संच वापरणाऱ्यांना वाटत होतं. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षापर्यंत दोन्ही गट सारखंच वाचत होते. याचा अर्थ घरी काही करूच नये असा नाही. फक्त शेजारच्या अर्णवला ‘सगळं येतं’ म्हणून आपला वेग वाढवण्यासारखं काही नसतं.

रोज दहा मिनिटं पुरतात. आठवडाभर काही नाही आणि रविवारी तासभर, हे मात्र फुकट. थोडं थोडं, अंतर ठेवून केलेलं अधिक टिकतं हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं आणि तेव्हापासून ते पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. दहातली पाच मिनिटं जुन्या अक्षरांची. नवं अक्षर कधी द्यायचं? जुनी अक्षरं उलटसुलट क्रमाने, चित्राशिवाय, पाटीवर किंवा दुकानाच्या पाटीवर दिसल्यावर न अडखळता ओळखली, तर. विचार करून बरोबर सांगितलं, तर अजून चार दिवस थांबा.

अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं काढलं तर घाबरून डॉक्टरकडे धावू नये. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, तो कपच. हे मेंदू जन्मापासून शिकत आलेला असतो. अक्षरांना हा नियम लागू नाही, हे त्याला नव्याने शिकावं लागतं, आणि त्यात सहावं-सातवं वर्ष उजाडतं.

उरलेल्या वेळात कानाची मशागत. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशा शब्दाच्या टाळ्या मोजा. भाजी निवडताना ‘म’पासून सुरू होणारी भाजी शोधा. मेथी लगेच सापडते, मग मुळा. ‘पाणी’मधला ‘पा’ काढून ‘रा’ ठेवला तर काय होईल? (हे चार वर्षांच्या मुलांना विनोदासारखं वाटतं, आणि त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा भारी असतात.) जरा मोठी भावंडं घरात असतील तर ‘च’ची भाषा ऐकू येईल, ‘तुला’चं ‘चलातु’. पहिलं अक्षर उचलून मागे ठेवायचं हे काम ध्वनींची समज पक्की झाल्याशिवाय जमत नाही. कुठल्याही वर्कबुकपेक्षा मला ती चाचणी जास्त विश्वासाची वाटते.

मूल तक्ता बघून पळू लागलं, तर तक्ता पंधरा दिवस कपाटात. गोष्टी वाचून दाखवणं तेवढं बंद करू नका. परत सुरुवात करताना नव्या अक्षरापासून नको, तर ‘मामा’पासून करायची. आणि जोडाक्षरं? ती ‘सूर्य’मधला र वर कसा जाऊन बसला, हे मुलगी स्वतः विचारेपर्यंत थांबू शकतात.