थोडक्यात वाचलेल्यांची नोंद

सोलापूर–धुळे महामार्ग चौपदरी झाला आणि बीड-धाराशिवकडच्या कितीतरी फाट्यांवर एसटीचा थांबा एका अंगाला, गाव दुसऱ्या अंगाला राहिलं. डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली बाई सेकंदाला मीटरभर चालते. दुभाजकापर्यंतचे सातेक मीटर ओलांडायला तिला सात सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी दीडशे मीटर कापते. मध्ये चढ असला, तर पाऊल टाकताना तिला गाडी दिसलेलीच नसते.

हा धोका मोजायची आपली सरकारी रीत मरणापासून सुरू होते. राष्ट्रीय महामार्गाच्या ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत ५ प्राणघातक वा गंभीर दुखापतीचे अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’. हे मला कधीच पटलेलं नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या ओलांडणीसाठी १९८८ मध्ये दिलेला निकष वेगळा होता : तासाला येणारे पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा आकडा २० कोटींवर गेला, तर ओलांडणीची सोय. तासाला हजार वाहनं असतील तर दोनशे माणसं हवीत! फाट्यावर चाळीस असतात, त्यातली निम्मी शाळेची पोरं.

मरणाची वाट न पाहता मोजायची रीतही जुनीच आहे. डेट्रॉइटमध्ये जनरल मोटर्सच्या पर्किन्स आणि हॅरिस या संशोधकांनी १९६७-६८ च्या सुमारास चौकांत गाड्यांचे ब्रेकचे दिवे कुठे पेटतात, गाडी ऐनवेळी कुठे वळवावी लागते, हे टिपलं. १९७२ मध्ये हेवर्ड यांनी त्याला सेकंदांचं माप दिलं : दोघंही आहेत तसेच चालत राहिले, तर धडकेला किती वेळ उरला? पुढे आणखी एक माप आलं : माणूस जिथून गेला, त्याच जागी गाडी किती वेळाने पोचली. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ह्यूदेन यांनी १९८७ मध्ये या सगळ्याची उतरंडच मांडली. तळाला रोजची निर्धोक ये-जा, वर हुकलेल्या धडका, अगदी टोकाला मृत्यू. त्यांच्या सुरुवातीच्या निकषात धडकेला दीड सेकंद किंवा कमी उरला, की प्रसंग गंभीर.

आपल्या फाट्यावरच्या चहावाल्याला उतरंडीतली ही मधली मडकी, म्हणजे हुकलेल्या धडका, तोंडपाठ असतात. काल कुठल्या पोराच्या पुढ्यात टेम्पोचे ब्रेक करकचले, तो लगेच सांगतो. ते तारीख-वेळेसह उतरवून घ्यायला, शाळा सुटताना दोन तास कॅमेरा लावायला तीन वर्षं थांबावं लागत नाही.