जनगणनेत न दिसणारी लेकरं आणि त्यांच्या नोंदींचा इतिहास

वंशावळ काढताना बऱ्याचदा दोन भावंडांत चार-पाच वर्षांचं अंतर दिसतं आणि आपण तसंच पुढे जातो, पण बाकीची भावंडं दर दोन वर्षांनी झालेली असतील तर मधे एखादं मूल होऊन गेलं असण्याची दाट शक्यता असते. जनगणना दहा वर्षांनी एकदा, मग एकीनंतर जन्मलेलं आणि दुसरीच्या आधी गेलेलं बाळ तिथे दिसणार कसं? १९ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हजारातली साधारण दीडशे बाळं पहिल्या वर्षातच दगावायची, म्हणजे किती घरांत असं झालं असेल बघा.

तिथल्या चर्चची रजिस्टरं १५३८ पासूनची, आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झालेली. पण दफनाच्या नोंदीत कित्येकदा नुसतं 'अमक्याचं मूल', आईचं नावसुद्धा नाही. सरकारी नोंदणी आली १ जुलै १८३७ ला, तरी जन्म नोंदवायची जबाबदारी दंडासकट आईबापांवर आली ती १८७५ पासून, त्यामुळे आधीचे बरेच जन्म राहूनच गेले. मृत जन्मलेल्या बाळांची नोंद तर १९२७ पर्यंत होतच नव्हती, आणि मला हे सगळ्यात जास्त लागतं.

स्कॉटलंडने १८५५ ला नोंदणी सुरू केली तेव्हा जन्माच्या फॉर्मवर आधीची मुलं किती, जिवंत किती, गेलेली किती हेही विचारलं. इतका तपशील भरणं झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी ते बंद. ज्यांच्या घरात त्या एका वर्षात जन्म झाला त्यांचं नशीबच म्हणायचं.

मग अमेरिकेने १९०० आणि १९१० च्या जनगणनेत आयांना हा प्रश्न विचारला. इंग्लंडने १९११ मध्ये, कारण जन्मदर घटतोय याची सरकारला काळजी लागली होती, म्हणजे गेलेल्या मुलांची आठवण ठेवायची म्हणून काही विचारलं नव्हतं. प्रश्न फक्त नवरा हयात असलेल्या बायकांसाठी होता, पण कितीतरी विधवांनीही तो रकाना भरला. झाली किती, आहेत किती, गेली किती. नियमात बसत नाही म्हणून तपासणाऱ्यांनी त्यावर रेघ मारली, पण खालचे आकडे अजून वाचता येतात. अशी खोडलेली ओळ दिसली तर प्लीज सोडू नका.

अजून एक, गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या बाळाला द्यायची पद्धत खूप ठिकाणी होती. एकाच घरात एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे दिसले की पहिल्याचं दफन शोधायचं, नाहीतर दोन मुलं मिळून एकच होऊन बसतात.

आकडा कळला तरी नावं शोधावी लागतातच. इंग्लंड-वेल्सच्या जुन्या जन्म इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या मध्यापासूनच होतं, आता जनरल रजिस्टर ऑफिसच्या (तिथलं जन्म-मृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय) ऑनलाइन इंडेक्समध्ये ते थेट १८३७ पासून आहे. आईचं आणि बापाचं आडनाव, दोन्ही टाकून त्याच जिल्ह्यातले सगळे जन्म काढायचे, मग मृत्यूच्या इंडेक्समधली लहान वयाची नावं त्यांच्याशी ताडून बघायची.